मेंदूची ओळख घरातल्या प्रत्येकाला हवी

लाल कांद्याच्या हंगामातली थंडीची सकाळ. नामपूरच्या आमच्या घरी अब्बा नेहमीप्रमाणे फजरसाठी उठले आणि वुजूला बसले. कुल्ली करताना पाणी तोंडात ठरेना; उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून कुर्त्यावर पडू लागले. थंडीने ओठ बधिर झाले असतील, असे आम्हाला वाटले. मुसल्ल्यावर उभे राहून त्यांनी तकबीरसाठी हात उचलले, तर डावा हात कानापर्यंत गेला, उजवा छातीशीच अडकला. काय होतेय विचारले, तर जीभ जड झालेली.

मग घरात माणसे जमली. कोणी तेल गरम केले, कोणी दम केलेले पाणी आणले, कोणी जंगली कबुतराच्या रक्ताने मालिश करायला सांगितले. सगळ्यांचा हेतू चांगला होता. गाडी करून मालेगावला पोहोचलो तेव्हा जोहरची अजान होत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नेमके किती वाजता सुरू झाले?" आम्ही फजरची वेळ सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ आम्ही घरातच घालवली होती.

संध्याकाळी हातात रिपोर्ट आला. त्यात लिहिले होते, 'लेफ्ट एमसीए टेरिटरी इन्फार्क्ट'. घरात कोणालाच त्याचा अर्थ कळेना. 'लेफ्ट' वाचून तर आम्ही घाबरलोच, कारण अब्बांचा हात उजवा गेला होता. रिपोर्ट बदलला तर नाही? शेवटी घरातल्या शाळकरी मुलीने विज्ञानाचे पुस्तक उघडले आणि आमचा अभ्यास सुरू झाला. जे आम्हाला उशिरा कळले, ते वाचकांना वेळेत कळावे, म्हणून हा लेख.

मेंदू आपल्याला अगदी अनोळखी नाही. बकरीदला भेजा साफ करताना वरचा पातळ पापुद्रा आणि त्यातल्या लाल शिरा आपण अलगद ओढून काढतो. खाली मऊ, वळ्यावळ्यांचा गोळा दिसतो. माणसाच्या मेंदूची घडण साधारण अशीच. पण त्याचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते आणि वळ्या कितीतरी जास्त. त्यात अंदाजे ८६०० कोटी चेतापेशी असतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. म्हणूनच रक्तपुरवठा थांबलेला त्याला सोसत नाही. मोठी धमनी बंद पडली, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड आवरण म्हणजे ड्युरा मेटर, मधले जाळीसारखे अरॅक्नॉइड आणि मेंदूला चिकटलेले नाजूक आवरण म्हणजे पाया मेटर. भेज्यावरून आपण काढतो तो पापुद्रा या आतल्या आवरणांचाच. 'मेटर' म्हणजे आई. हे नाव आले आहे अरबीतून. दहाव्या शतकातील हकीम अली इब्न अब्बास अल-मजूसी यांच्या वैद्यकग्रंथात या आवरणांना 'उम्म', म्हणजे आई, म्हटले होते. एक जाड, एक पातळ. ११२७ मध्ये त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि तेच शब्द युरोपभर गेले. आज कोणत्याही मेडिकल कॉलेजातील विद्यार्थी 'ड्युरा मेटर' म्हणतो तेव्हा तो आपल्या हकिमांचाच शब्द उच्चारत असतो. रिपोर्टमध्ये 'सबड्युरल' आले, तर समजावे की जाड आवरणाच्या खाली रक्त साचले आहे. वयस्कर माणूस पडल्यावर किंवा मोटारसायकलच्या अपघातात हे होऊ शकते, कधी कधी काही दिवसांनी उघडकीला येते.

आता मुख्य भाग पाहू. प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू. त्याचे दोन अर्धगोल असतात. डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा अर्धगोल डावी. मेंदूतून निघालेले बहुतेक चेतातंतू खाली येताना बाजू बदलतात. आमच्या 'लेफ्ट'चे कोडे इथे सुटले. प्रत्येक अर्धगोलाचे चार खंड आहेत. कपाळामागचा फ्रंटल विचार, निर्णय आणि हालचालींसाठी. त्यामागचा पॅरायटल स्पर्शासाठी. कानाजवळचा टेम्पोरल ऐकण्यासाठी आणि आठवणींसाठी. डोक्याच्या मागचा ऑक्सिपिटल दृष्टीसाठी.

अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू, डोक्याच्या मागे खालच्या बाजूला. तोल सांभाळणे हे त्याचे काम. आणि मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठात सर्वांत खाली असतो मस्तिष्कपुच्छ. श्वास आणि हृदयाचे ठोके यांवर त्याचे नियंत्रण असते.

'एमसीए' म्हणजे मेंदूची मधली धमनी. 'टेरिटरी' म्हणजे तिच्या रक्तावर जगणारा भाग. 'इन्फार्क्ट' म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला भाग, तर 'हेमरेज' म्हणजे रक्तस्राव. या दोघांचे उपचार वेगळे असतात, म्हणून सीटी स्कॅन आधी लागतो. सीटीमध्ये ताजे रक्त पांढरे दिसते. पण गाठीमुळे झालेला झटका पहिल्या काही तासांत दिसेलच असे नाही. 'सीटी नॉर्मल आहे, चला घरी' असे आपणच ठरवू नये. फिल्म पाहताना आणखी एक लक्षात ठेवावे: रुग्णाची उजवी बाजू चित्रात आपल्या डाव्या हाताला असते. वयस्करांच्या रिपोर्टमध्ये 'एज रिलेटेड अट्रॉफी' असते, म्हणजे वयानुसार मेंदू थोडा आकसला आहे. त्या एका शब्दाने घाबरू नये.

शब्दांचेही नीट समजून घ्यावे. आपण सरसकट 'लकवा' म्हणतो. युनानी वैद्यकात मात्र लकवा म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात आणि फालिज म्हणजे अर्ध्या अंगाचा. नुसता चेहरा वाकडा होण्याचे कारण मेंदूबाहेरच्या नसेतही असू शकते; पण ते घरी बसून ओळखायचे नाही.

अब्बांच्या बोलण्याने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. बहुतेकांची भाषा डाव्या अर्धगोलात असते. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांनी अशा रुग्णाचा मेंदू तपासला, ज्याला 'टान' या एकाच अक्षराशिवाय बोलता येत नव्हते. इजा डाव्या फ्रंटल खंडात निघाली. अब्बा घरात उर्दू, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी बोलायचे. आता 'पाणी' हा शब्द त्यांना कुठल्याच भाषेत चटकन सापडत नाही. पण सूरह फातिहा ते न अडखळता म्हणतात. भेटायला येणारे म्हणायचे, "नमाज येते, मग बोलत का नाहीत? हट्ट करतात." तो हट्ट नव्हता. पाठ झालेले, रोज जिभेवर असलेले शब्द अशा आजारात पुष्कळदा टिकून राहतात. नवे वाक्य जुळवणे मात्र अवघड जाते. हे कळल्यापासून आम्ही त्यांच्यावर चिडणे सोडले. त्यांना शब्द सापडेपर्यंत थांबतो.

म्हणून, भगिनींनो आणि बंधूंनो, एवढे ध्यानात ठेवा. वुजूत कुल्लीचे पाणी एका बाजूने गळू लागले, तकबीरला एक हात वर येईना, कलमा म्हणताना जीभ अडखळली, अचानक तोल गेला किंवा दिसेनासे झाले, तर यांतले एक लक्षणही पुरे आहे. घड्याळ पाहा. माणूस शेवटचा ठीक केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात आधी कळवा. तोंडात पाणी, औषध, काही घालू नका. गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून देऊ नका; आत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. उशीर झाला तरी निघाच. काही रुग्णांत नळी घालून गाठ काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंतही करता येतो.

दुआ तर करायचीच. ती गाडीतही करता येते. आजारात इलाज करावा, ही रसूलुल्लाह (सल्ल.) यांचीच शिकवण आहे.

अब्बा आता खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करतात. अलहम्दुलिल्लाह, उजव्या हाताची दोन बोटे हलू लागली आहेत. वुजूला बसले की आमच्यापैकी कोणीतरी जवळ उभे राहते.