ड्रिल बिटला धार लावताना

लोखंडी पट्टीत भोक पाडताना मशीन किंचाळू लागले, धूर येऊ लागला आणि पिळदार चिपांऐवजी नुसता भुगा पडू लागला की बिट बोथट झाले असे समजावे. बहुतेक घरांत असे बिट डब्याच्या तळाशी जाते आणि हार्डवेअरच्या दुकानातून नवे येते. प्रत्यक्षात त्याचे झिजलेले टोक जेमतेम मिलिमीटरभर असते; उरलेले पोलाद पूर्वीइतकेच चांगले असते. बेंच ग्राइंडर, भरपूर उजेड आणि थोडा सराव एवढ्या भांडवलावर त्याला पुन्हा धार लावता येते.

पिळाच्या बिटाचे पेटंट अमेरिकेतील स्टीव्हन मोर्स यांनी १८६३ मध्ये घेतले. तेव्हापासून त्याच्या टोकाची मूळ रचना फारशी बदललेली नाही. हातात दहा मिलिमीटरचे नवे बिट घ्या आणि टोक आपल्याकडे करून पाहा. दोन खाचांच्या तोंडाशी दोन सरळ कडा दिसतात. धातू कापण्याचे काम याच करतात. मधोमध त्यांना जोडणारी छोटी तिरकी रेघ म्हणजे चिझल एज. ती कापत नाही, धातू रेटून बाजूला सारते. म्हणून ती जितकी आखूड, तितका हाताला जोर कमी लागतो.

आता एका कडेच्या मागचा पृष्ठभाग पाहा. तो कडेपासून मागे हळूहळू खाली उतरत जातो. बिटला धार लावण्याचे सारे मर्म या उतारात आहे. हा उतार नसेल तर कड कितीही तीक्ष्ण असली तरी मागचा भाग आधी धातूला टेकतो आणि बिट कापण्याऐवजी घासत राहते. चाकूच्या दोन्ही बाजू घासून कड पातळ केली की काम होते. इथे कडेपेक्षा तिच्या मागे काय आहे याला महत्त्व आहे. नवशिक्याने घासलेले बिट चकचकीत दिसूनही कापत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

तेव्हा साधायच्या गोष्टी तीन. पहिली, दोन्ही कडांचा कोन सारखा हवा. साधारण कामाच्या बिटचे टोक ११८ अंशांचे असते, म्हणजे प्रत्येक कड बिटच्या अक्षाशी ५९ अंश करते. दुसरी, दोन्ही कडांची लांबी सारखी हवी. तिसरी, कडेच्या मागे सुमारे ८ ते १२ अंशांचा उतार हवा. यांपैकी एकही चुकली तर भोक ते लगेच दाखवते. कडा लहानमोठ्या असतील तर टोक मध्यावर राहत नाही आणि भोक बिटच्या मापापेक्षा मोठे पडते. कोन वेगळे असतील तर एकाच खाचेतून चिप निघते, म्हणजे सगळा भार एका कडेवर येतो. उतार गरजेपेक्षा जास्त झाला तर कडेला आधार उरत नाही. बिट थरथरते, धातूत रुतते आणि कडेचे तुकडे उडतात.

ग्राइंडरची तयारी आधी करावी. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे, ६० ते ८० ग्रिटचे चाक या कामाला चांगले. चाकावर खड्डे किंवा चकाकी आली असेल तर ड्रेसर फिरवून तोंड सपाट करून घ्यावे. टूल रेस्ट आणि चाक यांच्यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, नाहीतर बिट त्यात ओढले जाऊ शकते. डोळ्यांवर गॉगल हवाच. हातमोजे मात्र घालू नयेत आणि सैल बाह्या दुमडून घ्याव्यात. साध्या चाकाच्या कुशीवर घासू नये. ते बाजूचा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते. मशीन सुरू केल्यावर क्षणभर चाकासमोरून बाजूला उभे राहावे.

पहिला सराव मशीन बंद ठेवून आणि नवे बिट हातात घेऊन करावा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत बिट टोकाजवळ धरावे, बोट रेस्टवर टेकवावे. डाव्या हातात शँक, म्हणजे बिटची मागची दांडी, धरावी. कापणारी एक कड आडवी आणि वरच्या बाजूला येऊ द्यावी. शँक डावीकडे वळवून बिट चाकाच्या तोंडाशी ५९ अंशांत आणावे. रेस्टवर खडूने तेवढ्या कोनाची रेघ मारून ठेवली की डोळ्याला आधार मिळतो. आता कड पूर्ण लांबीभर चाकाला टेकली पाहिजे. इथून शँक हळूहळू खाली न्यावी आणि त्याच वेळी बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने किंचित फिरवावे. चाकाचा स्पर्श कडेपासून सुरू होऊन मागच्या बाजूकडे सरकतो आणि उतार आपोआप तयार होतो. फार फिरवू नये, नाहीतर दुसरी कड खालून येऊन चाकाला लागते. नव्या बिटचा पृष्ठभाग चाकावर कसा सरकतो हे बोटांना कळेपर्यंत ही हालचाल करत राहावी.

मग जुने, जाड बिट घेऊन मशीन सुरू करावे. दाब अगदी हलका ठेवावा. एका बाजूला एक-दोन हात फिरवले की बोटांची पकड न बदलता बिट अर्धे फिरवून दुसऱ्या बाजूलाही तेवढेच हात फिरवावेत. कडेच्या बाहेरच्या कोपऱ्यावरची झिजलेली गोलाई पूर्ण जाईपर्यंत हे चालू ठेवावे. आपण नेमके कुठे घासतो हे दिसत नसेल तर टोकावर काळ्या मार्करची शाई लावावी आणि चाकाला नुसता स्पर्श करावा. फक्त मागची शाई गेली तर हात खाली आहे. फक्त कडेची गेली तर उतार होत नाही.

उष्णतेकडे सतत लक्ष हवे. साध्या कार्बन स्टीलच्या बिटची कड निळी पडली की तिचे पाणी उतरते आणि ती मऊ होते, म्हणून ते वारंवार पाण्यात बुडवावे. हायस्पीड स्टील म्हणजे एचएसएस बरीच उष्णता सोसते, पण खूप तापलेले बिट एकदम पाण्यात घातले तर कडेला बारीक तडे जाऊ शकतात. ते तापू न देणे उत्तम. तापलेच तर हवेत निवू द्यावे. कोणते पोलाद आहे हे ठिणग्याही सांगतात. कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या, फुटणाऱ्या असतात; एचएसएसच्या लालसर आणि मंद.

तपासणीसाठी महागडे गेज नसले तरी चालते. दोन सारखे षट्कोनी नट टेबलावर बाजूला बाजू लावून ठेवा. त्यांच्यामधली खोबण बरोबर १२० अंशांची असते. बिटचे टोक तिच्यात बसवून उजेडासमोर धरले की कोन दिसतो, आणि कोणत्या बाजूला फट राहते तेही. कडांची लांबी स्टीलच्या पट्टीने मोजावी. उतार चिझल एजवरून ओळखावा. ती कडेशी साधारण १२० ते १३५ अंश करत असेल तर ठीक. जवळजवळ काटकोनात उभी दिसली तर उतार कमी पडला आहे. शेवटची परीक्षा भंगारातल्या लोखंडी पट्टीवर. दोन्ही खाचांमधून सारख्या चिपा निघाल्या आणि जोर न लावता बिट खाली गेले, तर काम साधले.

बिटचा मधला गाभा शँककडे जाड होत जातो. म्हणून अनेकदा धार लावून बिट आखूड झाले की चिझल एज लांबते आणि जोर जास्त लागू लागतो. अशा वेळी चाकाच्या कडेने गाभा दोन्ही बाजूंनी सारखाच थोडा पातळ करावा. पितळेसाठी उलटी काळजी घ्यावी लागते. धारदार बिट पितळेत खेचले जाते, म्हणून कापणाऱ्या कडेचा पुढचा भाग बारीक स्टोनने किंचित सपाट करतात. भिंतीत भोके पाडणाऱ्या बिटच्या टोकाला कार्बाइड असते. त्याला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा डायमंडचे चाक लागते. तीन मिलिमीटरच्या आतली बिटे मात्र हाताने घासण्यापेक्षा नवी घेणे बरे.

धार टिकते ती वापरणाऱ्याच्या हाती. माइल्ड स्टीलमध्ये एचएसएसचे सहा मिलिमीटरचे बिट मिनिटाला सुमारे १३०० फेऱ्यांनी आणि दहाचे सुमारे ८०० फेऱ्यांनी चालवावे. पंच मारून सुरुवात करावी, तेलाचे थेंब देत राहावे आणि नुसते घासत ठेवू नये. बिट कापत नसेल तर जोर वाढवू नका, मशीन थांबवून टोक पाहा. डब्यातले सर्वात जाड, बोथट बिट काढा आणि सरावाची सुरुवात त्यावरच करा.