होझे हुइझार : नगरपरिषद ते तुरुंग
मेक्सिकोत जन्म, लॉस एंजेलिसमधल्या बॉइल हाइट्स या कामगारवस्तीत बालपण, पुढे बर्कली, प्रिन्स्टन आणि यूसीएलएमध्ये शिक्षण. 2005मध्ये होझे हुइझार चौदाव्या प्रभागातून नगरपरिषदेवर निवडून आले, तेव्हा वस्तीला त्यांचा अभिमान वाटणं स्वाभाविक होतं. खरी सत्ता मात्र नियोजन व भू-वापर समितीच्या अध्यक्षपदातून आली. डाउनटाउनचा बहुतेक भाग त्यांच्याच प्रभागात आणि तिथल्या टोलेजंग प्रकल्पांच्या फायलीही त्यांच्याच समितीपुढे. इतका अधिकार एका हाती एकवटू द्यायलाच नको होता.

नोव्हेंबर 2018मध्ये एफबीआयने छापे टाकले. घरात सुमारे 1,29,000 डॉलर रोख सापडली. जून 2020मध्ये अटक झाली. बिल्डरांकडून रोकड, लास वेगासच्या सहली, कॅसिनोतल्या चिप्स असं बरंच काही घेतल्याचं तपासात उघड झालं; लाचेची एकूण रक्कम 15 लाख डॉलरच्या वर. जानेवारी 2023मध्ये त्यांनी संघटित गुन्हेगारीचा कट आणि करचुकवेगिरी कबूल केली. वर्षभराने 13 वर्षांची कैद झाली. शिवाय शहराला 4,43,905 डॉलर भरपाई देण्याचा आदेशही. 77 मजली टॉवरसाठी लाच देणाऱ्या चिनी अब्जाधीशाच्या कंपनीला 40 लाख डॉलर दंड झाला.