जमिनीला भाव आला, पण कोणाच्या?

व्यापार खुला झाल्यानें देश संपन्न होतो, कीं गरीब अधिकच गांजतो, हा वाद आपल्या घरोघरीं चालतो. त्याच्या दोन्ही बाजू एकत्र पाहावयाच्या असतील, तर कर्जत स्टेशनालगतचें भिसेगांव आणि त्याभोंवतालचा कर्जत-खालापूरचा मुलूख पाहावा.

१९९१ च्या जुलै महिन्यांत अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनीं कारखान्यांवरील परवान्यांचीं व आयातीवरील बंधनें सैल केलीं आणि परकीय भांडवलास वाट करून दिली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनें मोजल्यास १९९३-९४ सालीं देशांतील शेंकडा ४५ लोक दारिद्र्यरेषेखालीं होते. २०११-१२ सालीं ते शेंकडा २२ वर आले. हा लाभ नाकारणें न्यायाचें होणार नाहीं.

परंतु सरासरींत माणूस दिसत नाहीं. मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांची दृष्टि या टापूकडे वळली, २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला, आणि भाताचीं खाचरें व माळ फार्महाऊससाठीं विकले जाऊं लागले. ज्याच्या नांवें सातबारा होता, त्याला पिढ्यान् पिढ्यांच्या शेतींत न दिसलेला पैसा एका खरेदीखतानें मिळाला.

कातकऱ्यांपैकीं बहुतेकांच्या नांवें सातबारा नव्हता. खैराचा कात काढणें हा त्यांचा मूळ धंदा. त्यावरूनच त्यांना हें नांव पडलें. रानावर सरकारचा अंमल बसला आणि तो धंदा बुडाला. मग कोळसा पाडणें, शेतावर मजुरी करणें आणि पावसाळा सरल्यावर उचल घेऊन बायकामुलांसह वीटभट्टी गांठणें, हा त्यांचा वर्षक्रम झाला. मुलांची शाळा तेथेंच तुटते.

त्यांच्या पुष्कळशा वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. जमीन स्वस्त होती, तोंवर मालकाला त्या झोंपड्यांची अडचण नव्हती. उलट हाकेच्या अंतरावर मजूर मिळत. भाव चढतांच तीच वाडी विक्रीच्या आड येऊं लागली. एकाच भावानें एकाला श्रीमंत केलें आणि दुसऱ्याच्या पायांखालची जागा काढून घेतली.

यावर कायद्यांत उपाय आहे. जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमान्वयें जिल्हाधिकाऱ्यास गांवठाणाची हद्द ठरवितां येते. तो अधिकार या वाड्यांच्या कामीं वापरला पाहिजे. आणि आपणांपैकीं जे तिकडे जमीन घेऊं इच्छितात, ते सातबारा तर पाहतातच. त्या जमिनीवर कोणाची चूल पेटते काय, एवढें त्यांनीं आधीं पाहिलें, तरी पुष्कळ होईल.