साठवणीचं जाळं (भाग 7) : दोन स्विच, पण सोयरीक नको

झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं हे ठरवणं, या आठवड्यापुरतं लांबणीवर. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वाचकांचा प्रश्न आधी निकाली काढायला हवा. कारखान्याने दुसरा फायबर चॅनेल स्विच घेतला आहे. पहिल्या स्विचला तो केबलने जोडावा का, असं ते विचारतात.

जोडता येतो. सेटिंग जुळली तर दोन्ही मिळून एक फॅब्रिक होतं. पण मग दुसरा स्विच ज्यासाठी घेतला तो हेतूच अर्धा बुडतो.

फॅब्रिक एक झालं की झोनिंगची यादीही एकच राहते. ब्रोकेड कंपनीच्या स्विचमध्ये ‘सीएफजीइनेबल’ हा हुकूम कुठल्याही एका स्विचवर दिला, तरी नवी यादी सगळ्या स्विचवर लागू होते. यादीत एखादा सर्व्हर राहून गेला, तर त्याच्या स्टोरेजकडच्या दोन्ही वाटा एकदम बंद! स्विच दोन असूनही मशीन आडवं. म्हणून जाणकार मंडळी दोन्ही स्विच वेगळे ठेवतात: एक फॅब्रिक ‘ए’, दुसरं ‘बी’, मध्ये एकही केबल नाही.

सोयरीक नसली तरी दोघांचं रूप सारखंच हवं. सर्व्हरच्या एचबीए कार्डाचं एक पोर्ट ‘ए’कडे, दुसरं ‘बी’कडे. स्टोरेजच्या प्रत्येक कंट्रोलरचाही एक पाय इकडे, एक तिकडे. एका बाजूला सर्व्हरच्या पोर्टाला दोन्ही कंट्रोलर दिसले, की दोन वाटा. दोन्ही बाजू धरून चार. या चार वाटांमागे डिस्क एकच आहे, हे सर्व्हरला सांगायचं काम मल्टिपाथिंगचं. ते नसेल तर एकाच डिस्कच्या चार डिस्क दिसतात. व्हेरिटासच्या ‘डायनॅमिक मल्टिपाथिंग’वर पुण्यातल्या अभियंत्यांनी बरंच काम केलेलं आहे.

आता बारकावे. ब्रोकेडचे अनेक स्विच कारखान्यातून 10.77.77.77 हा एकच पत्ता घेऊन निघतात. असे दोन कोरे स्विच एकाच वेळी ऑफिसच्या जाळ्यात लावले की पत्ते आपटलेच. त्यामुळे आधी लॅपटॉपला सिरियल केबल, वेग 9600, आणि ‘आयपीअ‍ॅडरसेट’. मग डोमेन आयडी: ‘ए’ला 1, ‘बी’ला 2. वेगळ्या फॅब्रिकमध्ये दोन्हीकडे 1 असला तरी बिघडत नाही, पण उपकरणाच्या 24 बिटांच्या पत्त्यातला पहिला भाग हाच असतो. 01ने सुरू होणारा पत्ता दिसला, की स्विच कोणता ते लगेच कळतं.

स्विच जुना, वापरलेला असेल तर त्यातली आधीची झोनिंगची यादी ‘सीएफजीडिसेबल’, ‘सीएफजीक्लिअर’ आणि ‘सीएफजीसेव्ह’ने पुसावी. दोन्ही स्विचच्या प्लगांसाठी वेगवेगळे यूपीएस हवेत. एकाच पट्टीत खोचले तर सगळी मेहनत त्या पट्टीच्या फ्यूजवर.

जोडणी झाल्यावर, काम सुरू होण्याआधी, ‘ए’ स्विच मुद्दाम बंद करून पाहावा. लिनक्सवर ‘मल्टिपाथ -एलएल’ दिलं की चारांपैकी दोन वाटा ‘फेल्ड’ दिसतात आणि चाचणीची फाइल लिहिली जात राहते. तसं झालं नाही, तर बहुधा कुठेतरी सर्व्हरची दोन्ही पोर्टं एकाच स्विचवर गेली आहेत.

झोनिंग पुढच्या अंकात. तोवर ‘स्विचशो’ चालवून प्रत्येक पोर्टासमोरचा सोळा आकड्या-अक्षरांचा डब्ल्यूडब्ल्यूएन (तिथे जोडलेल्या उपकरणाची ओळख) वहीत उतरवून ठेवावा. समोर सर्व्हरचं नाव लिहायला विसरू नये.