गृहशाळेतील कला आणि निसर्ग: काही गैरसमज

मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविणारी कुटुंबे पुणे शहरात संख्येने थोडी असली, तरी त्यांच्याविषयी आप्तस्वकीयांच्या आणि पुष्कळदा खुद्द त्या मातापित्यांच्याही मनात जे समज रुजलेले आहेत, त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. कारण या समजांचा पहिला आघात गणितावर किंवा भाषेवर होत नाही, तो चित्रकला, संगीत आणि निसर्गनिरीक्षण यांवर होतो.

घरी शिकविणे हा गुन्हा आहे, निदान शाळेचे तासवार वेळापत्रक तरी घरात पाळलेच पाहिजे, असे अनेकांना वाटते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे खरे. परंतु त्यात कसूर झाल्यास पालकास दंड करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही, आणि घरातला दिवस कसा आखावा याविषयी तर त्यात अवाक्षरही नाही. तासांचा शिरस्ता आपण घरात आणतो तो केवळ सवयीने.

या सवयीतूनच सर्वांत हानिकारक समज उद्भवतो, तो असा की निसर्गाभ्यासासाठी आठवड्यातील एक ठरावीक तास राखून ठेवला म्हणजे बंदोबस्त झाला. पांगारा आणि काटेसावर या दोन वृक्षांचेच उदाहरण घ्यावे. दोहोंच्या खोडांवर काटे असतात, दोहोंना हिवाळा सरताना लाल फुले येतात, आणि त्या वेळी दोन्ही झाडे बहुधा निष्पर्ण असल्यामुळे रस्त्याने जाणारे जाणते लोकही त्यांची गल्लत करतात. सावरीच्या फुलाला जाड, मांसल अशा पाच पाकळ्या असतात, तर पांगाऱ्याचे फूल वाटाण्याच्या कुळातले. हा भेद मूल फुलोऱ्यातच टिपू शकेल. परंतु पांगाऱ्याचे पान तीन दलांचे आणि सावरीचे पाच ते सात दलांचे, पंजासारखे पसरलेले असते, हे त्याला पालवी फुटल्यानंतर पुन्हा त्याच झाडाखाली गेल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे एका झाडाचा हा धडा फेब्रुवारीत आरंभ होऊन पावसाळ्यात पुरा होतो, आणि तो शुक्रवारच्या चार ते पाच या वेळात कसाही कोंबला तरी मावत नाही. माझ्या मते निसर्गाभ्यासाचे वेळापत्रक दिवसाच्या नव्हे, वर्षाच्या मापाने आखावे: जूनमध्ये मृगाचे किडे, भाद्रपदात टेकडीवरची रानफुले, हिवाळ्यात लोणी काळभोरजवळच्या कवडीपाटावर उतरणारे चक्रवाक, वैशाखात बहावा आणि ताम्हण.

ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली, तिच्यामागे हाच विवेक होता. गुरे राखणारी मुले शाळेच्या वेळेस येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली.

चित्रकला हा निराळा विषय असून तिच्यासाठी निराळा वेळ काढावा लागतो, हाही एक समज. वर सांगितलेली पानांची दले जो हात कागदावर उतरवितो, त्याच्या डोळ्यांना ती मोजावीच लागतात. तेव्हा वहीतले ते रेखाटन हे निरीक्षणच होय, आणि त्याला वेगळा तास देण्याचे प्रयोजन नाही. संगीताची गोष्ट मात्र भिन्न आहे. गळा आणि हात रोजच्या रियाजावाचून तयार होत नाहीत, म्हणून अर्धा तास का होईना, पण तो नित्य आणि शक्यतो ठरल्या वेळी हवा. कला आणि निसर्ग यांना एकाच रकान्यात टाकणारे पालक येथेच फसतात.

निसर्ग दाखविण्यास अरण्य किंवा शास्त्रज्ञ लागतो, हे तर पुणेकराने म्हणू नये. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरलेले आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर आहे. भूगर्भशास्त्र आणि शिल्पकला यांचा धडा तेथे एकाच फेरीत होतो. सह्याद्रीतील फुलांवर मान्यता पावलेला ग्रंथ सिद्ध करणारे श्रीकांत इंगळहळीकर व्यवसायाने अभियंता होते, ही गोष्टही संकोची पालकांनी ध्यानात ठेवावी.

राहता राहिली परीक्षा. कलेत घालविलेला वेळ परीक्षेच्या हिशेबात वाया जातो, ही भीती निराधार आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बसता येते, आणि तिच्या विषयांच्या यादीत चित्रकला आणि हिंदुस्थानी संगीत हे दोन्ही विषय आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा तर खाजगी गुरूंकडे शिकणारी मुलेही पूर्वापार देत आली आहेत. तेव्हा दहावीच्या भयाने पेटी मिटून ठेवण्याचे आणि टेकडीची वाट सोडण्याचे कोणत्याही पालकास कारण नाही.