टिटवी ओरडली की मेंदूत काय होतं?

सोलापूरहून बार्शीच्या वाटेला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या या माळरानावर आता काळवीट आणि लांडगेच जास्त भेटतात. दडायला झाडी नाही, म्हणून इथे डोळे आणि कान दोन्ही सतत कामावर.

या माळावरची सगळ्यात तोंडाळ रहिवासी टिटवी. अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत घालते. माणूस, कुत्रं, लांडगा, कोणीही जवळ आलं की आकाश डोक्यावर घेते. आपल्याकडे तिचं ओरडणं अपशकुनी मानतात. खरं तर आसपासच्या जिवांना ती फुकट खबर देत असते. ताडोब्यात चितळं वानराच्या इशाऱ्यावर कान टवकारतात, तोच हा प्रकार.

अशी हाक कानावर पडली की सस्तन प्राण्याच्या मेंदूत ती दोन वाटांनी जाते. आवाज आधी थॅलॅमसमध्ये पोचतो. तिथून हमरस्ता मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातो. आवाज कोणाचा, किती लांबचा, याचा निवाडा तिथे होतो. दुसरी आडवाट थेट अमिग्डला या बदामाएवढ्या भागात उतरते. जोसेफ लडू या शास्त्रज्ञाने 1980च्या दशकात उंदरांना एक सूर ऐकवून लगेच विजेचा सौम्य झटका दिला. बाह्यपटलाचा ऐकण्याचा भाग काढून टाकला, तरी उंदीर त्या सुराला घाबरायला शिकले. थॅलॅमसचा भाग काढल्यावर मात्र शिकले नाहीत. आडवाटेने निरोप पोचायला सुमारे 12 मिलिसेकंद लागतात. म्हणजे आवाज नीट ओळखण्याआधीच अंग ताठरतं, काळीज धडधडतं. चूक झाली तर काळवीट उगाच चार उड्या मारतं. उशीर झाला तर मात्र जीव जातो. उत्क्रांतीने घाईच्या बाजूने कौल दिला, तो रास्तच म्हणायचा. लडू यांनी पुढे बजावलं की ही धोका टिपण्याची यंत्रणा आहे, तिलाच ‘भीतीची भावना’ समजू नये.

काही आवाज मुळातच झोंबणारे असतात. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत ती 30 ते 150 वेळा थरथरते. माणसांवरच्या 2015 मधल्या अभ्यासात हा खरखरीतपणा जितका जास्त, तितकी अमिग्डलाची सक्रियता जास्त दिसली.

बाकीचं शिकावं लागतं. केनियातल्या व्हर्वेट माकडांकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळ्या हाका आहेत, हे 1980 मध्ये सिद्ध झालं. पिल्लं मात्र गळणाऱ्या पानालाही ‘गरुड’ म्हणून ओरडतात! मोठ्यांचं पाहून ती सुधारतात. उलट, निरुपद्रवी आवाज नेमाने येत राहिला तर मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. हमरस्त्यालगत चरणारं जनावर ट्रकच्या भोंग्याला मान वर करत नाही, ते यामुळे.

फटाक्यांच्या बाबतीत हे गणित फसतं. फटाका कधी, कुठून वाजेल याचा नेम नसतो, आणि कुत्र्याला तर आपल्याला न येणारे, 45 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाजही ऐकू येतात. सवय होण्याऐवजी अनेक कुत्र्यांची भीती दर वर्षी वाढत जाते. ‘होईल सवय’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

दिवाळीत, किंवा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री, एवढं करा: कुत्र्याला संध्याकाळीच फिरवून आणा, खिडक्या लावा, पलंगाखाली शिरलं तर ओढून काढू नका. रागावू नका; जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असू द्या. आणि फार घाबरत असेल तर सणाच्या काही आठवडे आधीच पशुवैद्यांना दाखवा, औषधं मिळतात.