दाब व प्रवाह यांवरून रोध आणि शक्ती काढणे

विजेच्या पाठात दोन सूत्रे फळ्यावर लिहून दिली व ती मुलांकडून पाठ करवून घेतली, म्हणजे पाठ पुरा झाला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. मूल हे अचूक म्हणून दाखविते. परंतु रात्री पाड्यावरचे शेवटचे दिवे मंद का जळतात, असे विचारल्यास तेच मूल गप्प राहते. सूत्राची व दिव्याची गाठ वर्गातच पडावयास हवी.

दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये व शक्ती वॅटमध्ये मोजतात. दाब समजाविण्यास पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त सोयीचा आहे. उंचीतील फरक अधिक तर पाण्याचा जोर अधिक, आणि पाट अरुंद तर पाणी थोडे. हा दृष्टान्त मात्र फार ताणू नये. पाट फुटला तर पाणी बाहेर सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, प्रवाहच थांबतो.

ज्यांच्या नावाने रोधाचे परिमाण ओळखले जाते ते गेओर्ग ओहम हे कोलोन येथील शाळेत शिक्षक होते. शाळेतील उपकरणांवर प्रयोग करून त्यांनी आपला नियम १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या काळच्या विद्युत्-घटांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्यांनी तांबे व बिस्मथ यांचे सांधे, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात, ठेवून स्थिर दाब मिळविला. मोजमापापूर्वी साधन भरवशाचे करून घ्यावे, हे मुलांना यावरून सहज सांगता येईल.

वर्गातील प्रयोगास विजेरीचा दिवा व दोन कोरडे घट पुरेसे आहेत. समजा, दोन घटांचा दाब ३ व्होल्ट आणि प्रवाह ०.३ अँपिअर भरला. तर रोध ३ ÷ ०.३ = १० ओहम, व शक्ती ३ × ०.३ = ०.९ वॅट. आता एकच घट लावावा. दाब निम्मा झाला म्हणून प्रवाह ०.१५ अँपिअर होईल, असे मुले सांगतील. प्रत्यक्षात काटा ०.२ च्या आसपास थांबेल, म्हणजे रोध ७.५ ओहम. उपकरण बिघडले आहे असे येथे समजू नये. दिव्यातील तंतू कमी तापला की त्याचा रोध कमी होतो. ओहमचा नियम तपमान कायम असतानाच तंतोतंत लागू पडतो.

दिव्यावर '२३० व्होल्ट, १०० वॅट' असे छापलेले असते. प्रवाह १०० ÷ २३० = ०.४३ अँपिअर, रोध सुमारे ५२९ ओहम. ६० वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम निघतो. अधिक वॅटच्या दिव्याचा रोध कमी! मुलांची अटकळ बहुधा उलट असते. त्यांच्याकडून ती आधी वदवून घ्यावी व मग हिशेब करवावा.

मंद दिव्यांच्या प्रश्नाचे उत्तर तारेत आहे. अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे २००३ साली ग्रामस्थांच्या श्रमदानाने व केरळमधून आलेल्या अभियंत्यांच्या साहाय्याने उदई नदीच्या पाण्यावर १५ किलोवॅटचे लहान जलविद्युत् केंद्र उभे राहिले होते. २००६ साली सरदार सरोवराचे पाणी चढून ते बुडाले. त्याचा आकडा हिशेबास उत्तम आहे. एवढी सर्व शक्ती २३० व्होल्टच्या एकाच जोडीच्या तारेतून नेली असे धरल्यास प्रवाह १५,००० ÷ २३० = ६५.२ अँपिअर. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध केवळ अर्धा ओहम मानला, तरी ६५.२ × ०.५ = ३२.६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात व शेवटच्या दिव्यास १९७ व्होल्ट उरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती ६५.२ × ६५.२ × ०.५, म्हणजे २,१२५ वॅट, सातव्या हिश्श्याएवढी. तारेची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, दुप्पट केले तर रोध व नुकसान दोन्ही निम्मे होतात.

तीच शक्ती ११,००० व्होल्टने नेली तर प्रवाह १.३६ अँपिअर होतो आणि त्याच तारेत जेमतेम एक वॅट वाया जातो. गावाबाहेर ज्यास लोक डी.पी. म्हणतात ते रोहित्र कशासाठी असते, याचा उलगडा या भागाकाराने होतो.

पंपाच्या मोटारीस मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर मोटारीचा दाब व प्रवाह यांचा गुणाकार खऱ्या शक्तीहून मोठा येतो. एल.ई.डी. दिव्यासही एकच ठरावीक रोध नसतो. शेगडी, इस्त्री, तंतूचा दिवा, एवढीच उदाहरणे घ्यावीत.

मापन नेहमी कोरड्या घटांवरच करवावे. घरगुती जोडणीवर मुलांकडून कदापि करवू नये. ओल्या अंगाचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ÷ १,००० = ०.२३ अँपिअर. शंभर वॅटच्या दिव्यातून वाहतो त्याच्या निम्म्याएवढाच हा प्रवाह, परंतु ०.०५ अँपिअरही प्राणघातक ठरू शकतो. शाळेच्या फळीवरील ५ अँपिअरची फ्यूजची तार अशा वेळी वितळणार नाही, कारण तिच्या लेखी अर्धा दिवा लागल्यासारखेच ते असते.